नाचणाऱ्या मुलीचा अंबाडा

आपल्या भागात कारखान्याचा भोंगा आणि स्नेहसंमेलनाचा लाऊडस्पीकर एकाच मोसमात ऐकू येतात. इकडे गव्हाणीपुढे उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते आणि तिकडे मुलींच्या आया नऊवारी, चाळ, बुगड्या यांच्या शोधात एकमेकींची घरे पालथी घालत असतात. ‘फड’ हा शब्दही आपण दोन्हीकडे वापरतो. तोडणीचा फड पहाटे जागा होतो, तमाशाचा रात्री; आणि दोन्ही फड दसऱ्याच्या सुमारासच उभे राहतात. तेव्हा ह्या अंकात महिला सभासदांसाठी, तसेच ज्यांच्या मुली-नाती यंदा रंगमंचावर उभ्या राहणार आहेत अशा सभासद बंधूंसाठीही, एका लहानशा दिसणाऱ्या पण ऐन वेळी कार्यक्रमाचा विचका करणाऱ्या गोष्टीबद्दल लिहीत आहे. ती गोष्ट म्हणजे नाचणाऱ्या मुलीचे केस.

गाणे महिनाभर आधी ठरते. साडी आठवडाभर आधी मागून आणली जाते. केसांचा विचार मात्र कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चार वाजता सुरू होतो. वर्गातल्या बाकावर मुलीला बसवायचे, डोक्यावर तेल-पाणी थापायचे आणि केस मागे असे ओढायचे की पोरीचे डोळे तिरपे व्हावेत. आई शेजारी उभी राहून म्हणत असते, “बाई, आणखी जरा आवळा की! नाहीतर सुटायचं.” बाई आवळतात. पोर ‘आई गं’ म्हणते. आई म्हणते, “एवढ्यानं काय होतंय? एकच दिवस तर हाय.”

ह्या ‘आवळा’लाच माझी हरकत आहे. आवळले म्हणजे नीट झाले, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे, आणि ती चुकीची आहे. ओला केस ताणला की लांबतो. नाचताना डोके घामाने भिजते आणि नुसत्या ओढीवर धरलेला अंबाडा दुसऱ्याच कडव्याला सैल पडू लागतो. म्हणजे ज्यासाठी पोरीला रडवले तेही साधत नाही. शिवाय डोक्याला कळ लागलेली मुलगी कपाळाला आठी घालून नाचते. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांना वाटते, मुलगी घाबरली आहे. ती घाबरलेली नसते, तिचे केस दुखत असतात.

जुन्या संगीत बारीत उमेदीची वर्षे काढलेल्या एक अक्का आमच्या भागात आहेत. आता वय झाले, पण हात अजून स्थिर आहेत. आमच्या मुलींच्या लावणीसाठी त्यांना एकदा मुद्दाम बोलावले होते. पहिल्याच मुलीला आम्ही कशी बांधतो ते त्यांनी गप्प बसून पाहिले आणि मग म्हणाल्या, “पोरीचं डोस्कं हाय का कडब्याची पेंडी? आमाला तर रोज नाचायचं हुतं. एक दिस आवळून चाललं, पर सात-आट म्हैनं कोन आवळंल? ऱ्हातील का केसं?”

यात सगळा मुद्दा आला. तमाशाचा हंगाम दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतो. गुढीपाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच तिथे जाऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात, आणि मग जवळजवळ रोज एक गाव. ज्या बाईला रात्रीमागून रात्री गिरक्या घ्यायच्या आहेत तिला केस ओढून बांधणे परवडतच नाही. तिने दुसरी रीत शोधलेली असते. शाळेच्या संमेलनाला उपयोगी पडणारी रीत हीच, आणि ती आपल्याच शिवारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ज्यांच्याकडून ती घ्यायची त्या बायकांना आपण दाराशी उभे करीत नव्हतो, ही गोष्ट निराळी. मुलीच्या अंगावर लावणीचा शालू चालतो, पण लावणीवाली घरात चालत नाही, असे ज्यांचे म्हणणे आहे त्यांच्याशी वाद घालायला इथे जागा नाही.

अक्का ह्या रीतीला ‘खुंटा’ म्हणतात. सगळे केस एकाच मुठीत धरून बांधायचे नाहीत. आधी फक्त डोक्याच्या मागच्या उंचवट्यावरचे, तळहाताएवढ्या जागेतले केस वेगळे काढायचे. डोक्यावर केस सर्वांत दाट आणि मजबूत असतात ते इथे. एवढेच केस आगवळीने तीन-चार वेढे देऊन पक्के बांधायचे. आगवळ म्हणजे केस बांधायची सुती किंवा लोकरी दोरी. ती रबरासारखी केस तोडत नाही आणि घामाने सरकतही नाही. हा झाला खुंटा. मग कानशिलावरचे, कपाळावरचे आणि मानेवरचे केस थराथराने विंचरून ह्या खुंट्यापर्यंत आणायचे आणि त्याच्याभोवती गुंडाळायचे. ते नुसते सारखे करायचे, ताणायचे नाहीत. पिना खोचायच्या त्या खुंट्यात. अंबाड्याचा सगळा भार त्या दाट केसांवर पडतो. कानशिलाच्या कोवळ्या केसांना फक्त जागेवर पडून राहायचे असते. “खुटा घट, दावं सैल. जनावर पळत न्हाई अन्‌ मान बी कापत न्हाई,” असे अक्का म्हणतात. ज्यांच्या दारात बैल आहे त्यांना याहून जास्त सांगायला नको.

केस कधी धुवावेत, यावरही दरवर्षी घोळ होतो. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी शिकेकाईने न्हाऊ घातलेली मुलगी दिसते छान, पण तिचे केस भुरभुरीत होतात, पिना धरत नाहीत. आदल्या दिवशी न्हायला घालावे. तेल लावायचेच तर न्हाण्याच्या आधी लावावे. कार्यक्रमाच्या दिवशी डोके तेलकट असले तर घामाबरोबर ते कपाळावर उतरते आणि रंग ओघळतो. मग वर उडणारे बारीक केस बसवायला काय लावायचे? बाजारात जेल मिळते. पण घरचा उपाय त्याहून वाईट नाही. चमचाभर जवस कपभर पाण्यात उकळावे. पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे दाट दिसू लागले की गरम असतानाच फडक्यातून गाळून घ्यावे, कारण गार झाल्यावर ते गाळत नाही. हे बोटभर घेऊन, जुन्या मऊ दातघाशीने कपाळाच्या कडेने फिरवले की केस आरशासारखे बसतात. दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने निघून जाते. कोरफडीचा गरही चालतो, पण काही मुलींना त्याने खाज सुटते, म्हणून आधी कानामागे लावून पाहावा.

आता पिनांबद्दल थोडे सविस्तर, कारण खरी कला तिथे आहे. आपल्याकडे दोन तऱ्हा वापरतात. एक, दोन्ही पाय एकमेकांना चिकटलेली साधी काळी पिन. हिची एक बाजू सपाट असते आणि एक नागमोडी. बहुतेक भगिनी नागमोडी बाजू वर ठेवतात, कारण ती नक्षीसारखी दिसते. ती डोक्याच्या बाजूला यायला हवी. ते वळण शोभेसाठी नाही, केस धरण्यासाठी आहे. आणि जिथे निसटण्याची भीती असेल तिथे एक पिन न लावता दोन लावाव्यात, एकीवर एक, कात्रीसारख्या फुलीत. फुलीतली पिन सहसा निघत नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे आकडा, दोन पाय उघडे असलेला. हा सरळ खुपसला तर दोन गिरक्यांत बाहेर येतो. त्याचे तोंड आधी बाहेरच्या दिशेला धरून अंबाड्याच्या कडेचे थोडे केस त्यात पकडावेत, मग आकडा उलटा फिरवून मध्याकडे, खुंट्यात, लोटावा. उलटताना थोडा अडल्यासारखा वाटला म्हणजे बसला. मुलीला टोचले तर तो डोक्याला घासतो आहे. काढून पुन्हा लावावा. “सहन कर” असे सांगू नये.

अंबाड्याची जागा कोणती? नऊवारीतल्या लावणीला तो मागे, डोक्याच्या उंचवट्याच्या जरा खाली शोभतो. पदर डोक्यावरून घ्यायचा असेल तर त्याला अडकायलाही तिथेच आधार मिळतो. पण फार खाली, मानेवर उतरवू नये. लावणीत मान मागे टाकून वर पाहण्याच्या जागा वारंवार येतात. अंबाडा मानेला टेकला तर प्रत्येक वेळी तो खालून वर ढकलला जातो आणि चौथ्या-पाचव्या वेळेला उपटून येतो. मुलीला आढ्याकडे पाहायला सांगावे. मान आणि अंबाडा यांच्यामध्ये दोन बोटे शिरली तर जागा बरोबर. गिरक्यांचा नाच असेल तर अंबाडा चपटा, डोक्याशी बिलगलेला हवा. बाहेर लोंबणारा जड गोळा गिरकीत बाहेर फेकला जातो, गोफणीतल्या दगडासारखा.

आणि हे सगळे रंगीत तालमीला करून पाहावे. नुसती साडी नेसून तालीम करणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत. केस पूर्ण बांधून, गजरा माळून, चाळ बांधून एकदा सबंध नाच होऊ द्यावा. जे सुटायचे ते वर्गात सुटेल.

इथवर सगळे टिकण्याबद्दल झाले. परंतु लावणीत केस नुसते टिकून भागत नाही, ते बोलतातही. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांचे नाव बैठकीच्या लावणीसाठी घेतले जाते. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बैठकीच्या लावणीत उठून नाचणे नाही. जे काय आहे ते चेहरा, डोळे, मान आणि हात यांत. अशा वेळी हात अंबाड्याकडे गेला, गजरा सारखा केला, कानामागची बट बोटावर गुंडाळली, तर त्या प्रत्येकाला अर्थ असतो. कोणाची वाट पाहणे आहे, कोणावर रुसणे आहे. म्हणूनच नको तिथे सुटलेली बट वाईट. ती अर्थ नसताना बोलते, आणि मुलगी ती मागे सारायला हात नेते तेव्हा मुद्रा मोडते. सोडलेली बट वेगळी आणि सुटलेली बट वेगळी. बट हवी असेल तर ती आधी ठरवून, कानाच्या पुढे, बोटाएवढी सोडावी, आणि उरलेले सगळे पक्के असावे. अलीकडे सिनेमा पाहून दोन्ही बाजूंनी भुरभुर बटा सोडण्याची टूम निघाली आहे. पडद्यावर कॅमेरा नटीच्या चेहऱ्याजवळ येतो, तिथे ते शोभते. आपल्या मांडवात शेवटच्या ओळीतल्या माणसाला ती मुलगी पंचा न गुंडाळता न्हाणीघरातून उठून आल्यासारखी दिसते.

गंगावनाबद्दल आपल्या भगिनींच्या मनात उगाच संकोच आहे. पूर्वी घरोघरी विंचरताना गळालेले केस गुंडाळून कोनाड्यात ठेवीत आणि पुरेसे साठले की त्यांचे गंगावन करून घेत. रस्त्यावर ‘केसांवर फुगे’ असा पुकारा ऐकू आला की आपण ते गुंतवळ देऊन टाकतो. ते केस पुढे व्यापारातच जातात. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) टोप घालून स्त्रीभूमिका केल्या, आणि त्यांच्या केशरचनेची, गजरे माळण्याच्या ढबीची नक्कल त्या काळच्या लांब केसांच्या, घरंदाज बायकांनी केली! तेव्हा खोटे केस म्हणजे खोटी मुलगी असे काही नाही. आजकाल निम्म्या मुलींचे केस खांद्याच्या वर असतात. त्यांना गंगावन किंवा आतून भरती हवीच. भरतीसाठी काळा मोजा घ्यावा, पायाच्या बोटांकडचा भाग कापून टाकावा आणि उरलेला गुंडाळत कडे करावे. खुंटा त्या कड्यातून ओवून केस त्यावर पसरले की मूठभर केसांचाही भरदार खोपा होतो. वरून काळी जाळी. खर्च म्हणाल तर एक फाटका मोजा.

मात्र गंगावन खुंट्याला शिवल्याशिवाय मुलीला रंगमंचावर सोडू नये. शिवणे म्हणजे अक्षरशः सुई-दोऱ्याने, काळ्या दुहेरी दोऱ्याचे चार टाके, खुंट्याच्या आगवळीतून. नुसत्या पिनेवर लोंबणारे गंगावन काय करते ते एका शाळेच्या संमेलनात मी पाहिले आहे. शाळेचे नाव सांगत नाही. सातवीतली मुलगी, गौळणीत पुढे उभी, नाच चांगलाच जमलेला. तिसऱ्या कडव्याला गिरकी घेतली आणि वेणी जाऊन पेटीवाल्याच्या पुढ्यात पडली. मांडव हसला. हसणाऱ्यांत मोठी माणसे होती. कुणीतरी ‘उचला, साप!’ म्हणून ओरडले आणि पुन्हा हशा झाला. पोर थांबली नाही, डोक्यावर बोटभर राहिलेली शेपटी घेऊन तिने गौळण पुरी केली आणि आत जाऊन पडद्यामागे बसली. तिच्या आईने तिला घरी नेले ते चेहऱ्यावरचा रंग न पुसताच. पुढच्या वर्षी नाव नोंदवायला सांगितले तर म्हणाली, “मी पडदा ओढायचं काम करते.” दहावीपर्यंत तिने पडदाच ओढला.

चार टाके घालायला दोन मिनिटे लागतात.

दुसरी एक गोष्ट कोणी ध्यानात घेत नाही. आपले नाच अनवाणी असतात. डोक्यातून पडलेली पिन जमिनीवर दिसत नाही, ती पुढच्या मुलीच्या तळव्यात सापडते, आणि चाळ बांधलेल्या पायाने ठेका मारला की पुरती आत जाते. म्हणून पिना मोजून लावाव्यात आणि आकडा कागदावर लिहावा. एका अंबाड्याला दहा-बारा पुरतात; वीस लागत असतील तर खुंटा चुकला आहे असे समजावे. मुलगी नाचून आत आली की आधी पिना मोजाव्यात. कमी भरल्या तर पुढच्या नाचाआधी फळ्यांवरून केरसुणी फिरवलीच पाहिजे, निवेदकाला पाहिजे तर दोन मिनिटे बोलत ठेवावे. त्याला बोलायला आवडतेच.

काही मुली तालुक्याच्या गावी भरतनाट्यम्‌ शिकायला जातात, त्यांच्या आयांसाठीही चार ओळी. ह्या नृत्याचा आपल्याशी धागा आहे. तंजावरच्या मराठे राजांपैकी दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८–१८३२) यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम्‌ आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. आज भरतनाट्यम्‌चा कार्यक्रम ज्या क्रमाने होतो तो त्यांनी बसवला. तिथे अंबाड्याऐवजी लांब वेणी असते, भांगाच्या उजव्या बाजूला सूर्य आणि डाव्या बाजूला चंद्र लावतात, मागे राक्कोडी. आपल्या आज्यांची राखडी आठवते की नाही? वेणीच्या टोकाला गोंडे असतात आणि ती कमरपट्ट्याशी अडकवलेली असते, म्हणून अंगाभोवती फिरत नाही. इथेही नियम तोच, पाया पक्का आणि कानशिले मोकळी. पण दागिन्यांचे वजन असल्याने हे काम घरी प्रथमच करू नये. शिकवणाऱ्या बाईंकडून दोनदा पाहून घ्यावे.

ओढीचा प्रश्न एका दिवसाचा नाही, असे मी म्हणते ते ह्याच मुलींकडे पाहून. ज्या आठवड्यातून चार दिवस वर्गाला जातात आणि रोज शाळेसाठीही घट्ट वेण्या घालतात, त्यांच्या कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेकडे पाहावे. तिथे बारीक पुटकुळ्या येत असतील, तुटके आखूड केस दिसत असतील, भांग रुंद होत असेल, रात्री उशीला डोके टेकवताना दुखत असेल, तर केसांची मुळे ताणली जात आहेत. त्वचारोगतज्ज्ञ सांगतात की सुरुवातीला ओढ थांबवली तर हे केस पुन्हा येतात. वर्षानुवर्षे चालू राहिली तर मूळच मरते आणि जागा कायमची मोकळी राहते. अक्कांनी पदर मागे सारून आपले कपाळ दाखवले. सत्तरी केव्हाच ओलांडली, पण कानशिले भरलेली आहेत. त्यांच्या बरोबरीच्या काहीजणी हौसेने ताणून बांधीत. त्यांचे कपाळ वाढत वाढत कुठवर गेले ते अक्कांनी हातानेच दाखवले, आणि हसल्या.

अकलूजला सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ नव्वदच्या दशकापासून राज्यस्तरीय लावणी स्पर्धा होऊ लागल्या, त्यांमुळे घरच्या बायकांनाही लावणी समोर बसून पाहता आली. साखर कारखाना उभारणाऱ्या माणसाच्या नावाने लावणीचा सन्मान व्हावा, हे आपल्या सहकारी क्षेत्राला साजेसेच झाले. तिथल्या मोठ्या बाऱ्यांचे नाच कोणी पाहिले असतील तर आठवून पाहावे, दहाजणी एकदम गिरकी घेतात आणि दहाही खोपे एकाच उंचीवर असतात. आपल्या शाळेच्या समूहनृत्यात मुली सारख्या उंचीच्या निवडतात, साड्या सारख्या घेतात आणि केस ज्याची त्याची आई घालते. मग एकीचा खोपा टाळूवर, एकीचा मानेवर. हे एकाच हाताने, निदान एकाच बाईच्या नजरेखाली व्हावे. एका मुलीला पंधरा मिनिटे धरली तर तिघीजणी दोन तासांत चोवीस मुली करतात. म्हणजे सातच्या कार्यक्रमाला चारपासून बसले तरी साडी नेसवायला वेळ उरतो. पण तिघींनी तीन जागी न बसता कामे वाटून घ्यावीत. एकीने फक्त खुंटे बांधावेत, दुसरीने केस गुंडाळून पिना लावाव्यात, तिसरीने जाळी, गजरा आणि पिनांची मोजणी. कारखान्यातही ऊस एकाच माणसाच्या हातून साखर होत नाही.

कंगवा मात्र ज्याचा त्याचा. एक कंगवा आणि चोवीस डोकी असा प्रकार झाला की संमेलनाच्या बक्षिसांबरोबर उवाही घरोघरी पोचतात. प्रत्येक मुलीने आपला कंगवा, आपली आगवळ आणि पिना एका पिशवीत, नाव घालून आणाव्यात.

गजऱ्याचे थोडक्यात. मोगरा उन्हाळ्याचा, डिसेंबर-जानेवारीत त्याच्या मागे लागून भाव देऊ नये. त्या दिवसांत कुंद फुललेला असतो, शेवंती असते, अबोली मिळते. अबोलीची वेणी हलकी, पाकळ्या गळत नाहीत, आणि दिव्यांच्या उजेडात रंगही चढतो. फुले ओल्या फडक्यात ठेवावीत, पण माळण्याआधी झटकून कोरडी करावीत. पाणी धरलेला गजरा दुप्पट जड होतो. दोन्ही टोके अंबाड्याखाली बांधून मध्ये चार जागी पिन घ्यावी. गळालेल्या पाकळ्यांवरून पाय घसरतो हे सांगायला नकोच. कापडी गजरा मला स्वतःला आवडत नाही, पण लहान मुलींसाठी तो बरा, हे कबूल करते.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगते. केस जागेवर बसवायचे फवारे हल्ली सर्रास वापरतात. त्या डब्यावर ज्वालेचे चित्र असते, ते वाचावे. आतला वायू आणि मद्यार्क दोन्ही भडकणारे असतात. आपल्याकडे दिव्यांचा नाच फार लोकप्रिय. मुली हातात, डोक्यावर पेटते दिवे घेतात. फवारा मारलेले केस, वरून नायलॉनची जाळी, त्यात कृत्रिम गंगावन, आणि हाताच्या अंतरावर ज्योत! कृत्रिम केस पेटले की वितळतात आणि कातडीला चिकटतात. ज्या मुली दिव्याच्या नाचात आहेत त्यांच्या डोक्याला फवारा, कृत्रिम गंगावन आणि नायलॉनची जाळी यांपैकी काहीही लावू नये. जवसाचे पाणी आणि स्वतःची वेणी पुरे. त्याहून चांगले म्हणजे सेलवर चालणारे दिवे घ्यावेत. लांबून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. फवारा मारायचाच तर नाच दिव्याचा नसलेल्या मुलींना, मोकळ्या हवेत, डोळ्यांवर तळहात धरून, आणि उदबत्ती, समई, स्टो यांपासून दूर. नटराजाच्या तसबिरीपुढची समई पडद्याला लागून ठेवण्याची प्रथाही ह्या निमित्ताने बंद करावी.

कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांना घरी जायची घाई असते, मुलगी पेंगलेली असते, आणि आई अंबाडा ओढून सोडते. जे केस नाचताना तुटले नाहीत ते इथे तुटतात. आधी गजरा, मग जाळी, मग आकडे एकेक करून, लावले त्याच्या उलट दिशेने काढावेत. गंगावनाचे टाके कात्रीने कापताना बोट मध्ये धरावे, म्हणजे पोरीचे केस कापले जात नाहीत. आगवळ शेवटी. खुंट्याच्या जागी बोटांनी दोन मिनिटे चोळावे; मुली तिथेच झोपी जातात. त्या रात्री विंचरू नये. जवसाचे पाणी सुकून केस कडक झालेले असतात, कंगव्याने ते मोडतात. दुसऱ्या दिवशी कोमट पाण्याने भिजवून, तेल लावून, टोकाकडून वर सोडवीत जावे. आणि पिना कागदावरच्या आकड्याशी ताडून डब्यात टाकाव्यात. ओल्या असतील तर आधी पुसून, नाहीतर पुढच्या वर्षी गंजलेल्या निघतात.